तहान लागण्यापूर्वीची विहीर

२००३ सालच्या श्रावणातील एक रात्र मी अद्याप विसरू शकलेले नाही. दवाखाना बंद करून घरी निघण्याच्या बेतात असताना एक तरुण दांपत्य दीड वर्षाच्या मुलाला घेऊन धावतच आत आले. मुलाला ताप होता, वाटेत एक झटका येऊन गेला होता आणि दुसरा सुरू होता. ओठ निळसर पडले होते. झटका थांबवण्याचे औषध कपाटात होते, ते मी दिले. प्राणवायूचा सिलिंडरही कोपऱ्यात उभा होता. परंतु तो उघडण्याचा पाना जागेवर नव्हता. नेहमीची परिचारिका रजेवर होती. तिच्या जागी आलेल्या मुलीला पाना कुठे असतो हे ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही ठाऊक नव्हते. अखेर तो औषधांच्या खोक्यांमागे सापडला. मग लहान मुलाच्या तोंडाला बसेल असा मास्क शोधण्यात आणखी काही वेळ गेला.

मूल वाचले. दोन दिवसांनी त्याचे वडील पेढे घेऊन आले. ते पेढे माझ्या घशाखाली उतरले नाहीत. त्या मुलाचे प्राण माझ्या ज्ञानामुळे वाचले असे त्यांना वाटत होते. मला मात्र ठाऊक होते की त्या रात्री माझी एम. डी.ची पदवी आणि तो पोलादी सिलिंडर ही दोन्ही काही मिनिटे सारखीच निरुपयोगी ठरली होती. दैवाने हात दिला म्हणून निभावले. ज्या मुलांच्या बाबतीत दैव असा हात देत नाही, त्यांच्याविषयी कोणी पेढे वाटत नाही आणि कोणी लेखही लिहीत नाही.

त्या प्रसंगापासून एक विचार माझ्या मनात घर करून बसला आहे, आणि तोच आज या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणा सर्वांपुढे, डॉक्टर बंधुभगिनींपुढे आणि हैदराबादेतील आपल्या मराठी समाजापुढे मांडावयाचा आहे. बालकांच्या तातडीच्या उपचारांत साधनांचा तुटवडा हे आपण सांगतो तितके मोठे कारण नाही. आपली खरी उणीव आहे ती सिद्धतेची. आणि सिद्धता ही विकत आणण्याची वस्तू नव्हे. ती रोज थोडी थोडी जोपासण्याची सवय आहे.

हैदराबादचा जुना धडा

या विषयाशी आपल्या शहराचे नाते फार जुने आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्म दिलेले रुग्ण अचानक का दगावतात, या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी १८८८ साली याच शहरात ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ नेमले गेले. त्यामागे होते रेसिडेन्सी सर्जन आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने मान्य केले नाहीत, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आर्थिक साहाय्याने १८८९ साली दुसरे कमिशन बसले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाचारण करण्यात आले. जगातील आद्य महिला भूलतज्ज्ञांमध्ये जिची गणना होते ती डॉ. रूपाबाई फरदूनजी याच मेडिकल स्कूलची विद्यार्थिनी.

लॉरी यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : नाडी धरून बसू नका, श्वासाकडे पाहा, श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. पुढे १९११ च्या सुमारास लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोकेही एकाएकी विस्कळीत होऊन मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे त्या वादात लॉरी सर्वस्वी बरोबर नव्हते. तरीही बालरोगतज्ज्ञ म्हणून मला त्यांचे वाक्य विसरता येत नाही. कारण मोठ्या माणसाचे हृदय बहुधा हृदयाच्याच विकाराने अचानक थांबते. मुलाचे हृदय बहुधा शेवटी थांबते. आधी श्वास अडतो किंवा रक्ताभिसरण खालावते, शरीर काही काळ झुंज देते, थकते, आणि मग हृदय मंदावते. ही झुंज काही मिनिटांची असते, कधी काही तासांची. आपल्याला संधी मिळते ती याच काळात. हृदय थांबल्यानंतर मुलाला परत आणणे अत्यंत कठीण. त्याआधी श्वास सावरला तर तेच मूल दुसऱ्या दिवशी खेळू लागते.

मूल म्हणजे छोटा माणूस नव्हे

मुलाच्या शरीराची घडणच वेगळी असते, हे डॉक्टरांना सांगण्याची आवश्यकता नाही; परंतु अन्य वाचकांसाठी दोन उदाहरणे देते. तान्ह्या मुलाची श्वासनलिका सुमारे ४ मिलीमीटर व्यासाची धरली, तर आतून केवळ १ मिलीमीटर सूज आल्याने हवेची वाट तीन चतुर्थांशाने घटते. तेवढीच सूज मोठ्या माणसाच्या ८ मिलीमीटरच्या नलिकेत आली तर वाट निम्म्याहून अधिक मोकळी राहते. त्यातच मुलाला वजनाच्या प्रमाणात प्राणवायू मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट लागतो. खर्च दुप्पट आणि शिल्लक तुटपुंजी, असा हा संसार असतो.

दुसरी अडचण वजनाची. मोठ्या माणसाला बहुतेक औषधांची ठरावीक मात्रा चालते. मुलाच्या बाबतीत अडीच किलोच्या नवजात बालकापासून पन्नास किलोच्या कुमारापर्यंत प्रत्येकासाठी वेगळा हिशेब. ज्या क्षणी हात थरथरत असतात त्याच क्षणी दशांशचिन्ह योग्य जागी द्यावयाचे असते. एक शून्य चुकले की मात्रा दहापट होते. अमेरिकेत १९८० च्या दशकात डॉ. जेम्स ब्रोस्लो यांनी मुलाची लांबी मोजून वजन आणि मात्रा एकदमच सांगणारी रंगीत पट्टी तयार केली, ती याच भयापोटी. ती पट्टी अमेरिकी मुलांच्या मापाची असल्याने आपल्याकडच्या थोड्या मोठ्या मुलांचे वजन ती जास्त दाखवते. म्हणून आपल्या मुलांच्या वजनांवर आधारलेला, प्रत्येक पाच किलोमागे मात्रा आधीच मांडून ठेवलेला तक्ता भिंतीवर हवा. तापाच्या भरात, आईच्या हंबरड्यात आणि नातेवाइकांच्या गराड्यात गणित करण्याची पाळी डॉक्टरवर येऊच नये.

दोन दूरची, पण आपलीच उदाहरणे

सिद्धता पैशांवर अवलंबून नसते, याची दोन उदाहरणे मला नेहमी आठवतात.

पहिले आफ्रिकेतील मलावी या अत्यंत गरीब देशातील. ब्लांटायर शहरातील क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये मुलांची रीघ लागलेली असे. ज्याची रांग आधी त्याची तपासणी आधी, हा तिथलाही शिरस्ता. त्यामुळे रांगेतच मुले दगावत. डॉ. एलिझाबेथ मॉलिन्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे रचना बदलली. दारातच प्रत्येक मुलाकडे अर्धा मिनिट पाहून ‘तत्काळ’, ‘आधी’ आणि ‘रांगेत’ अशी निवड करावयाची. तत्काळ उपचारांची जागा दारापाशीच ठेवावयाची. परिचारिकांना प्रशिक्षण द्यावयाचे. भव्य इमारत किंवा महागडी यंत्रे यात काही नव्हते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार दाखल मुलांतील मृत्यूचे प्रमाण १० ते १८ टक्क्यांवरून ६ ते ८ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेने अशाच अनुभवांतून ‘इटॅट’ ही निवड आणि तातडीच्या उपचारांची पद्धत जगभर शिकवली.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. कोकणात लाल विंचू चावला की मूल घामाघूम होई, हातपाय गार पडत, फुप्फुसांत पाणी भरे आणि काही तासांत ते मृत्युमुखी पडे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांची टिपणे ठेवली, ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी स्वस्त गोळी वेळेवर दिल्यास हे मृत्यू टळतात हे दाखवून दिले. गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. परंतु अभिमानापलीकडे मला त्यात एक बोध दिसतो. ती गोळी रक्तदाबासाठी आधीपासून होतीच. विंचूही होते आणि मुलेही होती. या तिघांची वेळेवर गाठ घालून देणारे ज्ञान आणि तत्परता तेवढी नव्हती.

साधने आहेत, सिद्धतेचे काय ?

आपल्या शहराकडे वळू. हैदराबादला या बाबतीत दरिद्री म्हणता येणार नाही. १९५३ साली सुरू झालेले निलोफर रुग्णालय आजही राज्याच्या कानाकोपऱ्यातील आणि सीमेपलीकडील नांदेड, लातूरकडील मुलांचा आधार आहे. आज देशाला परिचित असलेली ‘१०८’ ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी याच शहरात सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ साली पोहोचली. मुलांसाठी सुसज्ज अतिदक्षता विभाग असलेली खासगी रुग्णालयेही आज इथे विपुल आहेत. कोविडच्या काळात, जुलै २०२१ मध्ये, केंद्र सरकारने देशातील सर्व ७३६ जिल्ह्यांत मुलांसाठी विशेष विभाग उभारण्याची योजना मंजूर केली.

मग अडते कुठे ? मधल्या टप्प्यात अडते. घरापासून अतिदक्षता विभागापर्यंतच्या प्रवासात मूल बहुधा आधी आपल्यासारख्यांच्या दवाखान्यात येते : कोपऱ्यावरचे जनरल प्रॅक्टिशनर, दहा खाटांचे नर्सिंग होम, दंतवैद्य, नेत्रतज्ज्ञ, लसीकरण केंद्र. पालक आधी ओळखीच्या डॉक्टरकडेच धावतात. तिथे ‘आमच्याकडे सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्या’ असे सांगून रिक्षात बसवून दिलेले मूल, प्राणवायूशिवाय, चिठ्ठीशिवाय, पुढच्या रुग्णालयाला फोन न करता पाठवलेले मूल, मी माझ्या नोकरीच्या आणि व्यवसायाच्या काळात कित्येकदा पाहिले आहे. पुढच्या दारात पोहोचेपर्यंत त्याची झुंज संपलेली असते. पाठवणाऱ्या डॉक्टरच्या मनात दुष्टावा नसतो, भीती असते. आणि भीती अपुऱ्या तयारीतून जन्मते.

केवळ साधने असून भागत नाही याचा अत्यंत वेदनादायक पुरावा आपण ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्यात पाहिला. जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू दक्षता विभागाला मध्यरात्रीनंतर आग लागली. तिथे १७ बालके होती. १० दगावली, सात वाचवता आली. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या मेडिकल कॉलेजमध्ये तशीच आग लागून त्या रात्रीच १० नवजात बालकांचा मृत्यू झाला. ज्या उबेच्या पेट्या या बालकांना जगवण्यासाठी आणल्या होत्या, त्यांच्याच भोवती हा अनर्थ घडला. अशा विभागात आग लागल्यास कोणत्या परिचारिकेने कोणते बाळ कोणत्या दाराने बाहेर न्यावयाचे, याची तालीम आपल्यापैकी किती नर्सिंग होममध्ये एकदा तरी झाली आहे, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते.

नेहमीचे चार आक्षेप

सहकाऱ्यांशी बोलताना काही आक्षेप हमखास ऐकू येतात. त्यांचा आदर राखून उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

‘इतके गंभीर मूल माझ्याकडे येतच नाही.’ हे खरे आहे, आणि म्हणूनच तयारी हवी. जे रोज घडते त्याची सवय आपोआप होते. जे वर्षातून एकदा घडते त्याची तालीम करावी लागते. शिवाय लसीकरणानंतर क्वचित तीव्र ॲलर्जी येऊ शकते. तिच्यासाठी मांडीच्या बाहेरील स्नायूत लगेच ॲड्रेनॅलिन द्यावे लागते. लस टोचणाऱ्या प्रत्येक टेबलावर ती कुपी आणि वजनानुसार मात्रा लिहिलेला कागद नसेल, तर तिथे लस देण्याचा आपणास नैतिक अधिकार नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

‘जवळच मोठे हॉस्पिटल आहे.’ संध्याकाळी अमीरपेट किंवा मेहदीपटणमच्या वाहतुकीत ‘जवळ’ या शब्दाला अर्थ उरत नाही. आणि श्वास थांबलेल्या मुलाला चौथ्या-पाचव्या मिनिटानंतर मेंदूची किंमत मोजावी लागते.

‘काही विपरीत घडले तर जमाव दवाखाना फोडेल, कोर्टकचेऱ्या मागे लागतील.’ ही भीती काल्पनिक नाही. आपल्यातील काहींनी ती सोसली आहे. परंतु १९८९ सालच्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर प्राण वाचवण्यासाठी तत्काळ मदत करण्याचे कर्तव्य ठेवले आहे. मूल हाती न घेता पुढे पाठवणे हा बचाव नव्हे. प्राणवायू दिला, साखर तपासली, झटका थांबवला, वेळ लिहिली, पुढच्या डॉक्टरशी बोललो, असे कागदावर असणे हाच डॉक्टरचा खरा बचाव आहे. आणि आपल्या मुलासाठी डॉक्टर धडपडताना दिसला की शोकातही पालकांच्या मनात कृतज्ञता राहते, हा माझा अनुभव आहे.

‘खर्च परवडत नाही.’ लहान-मोठ्या आकाराचे मास्क आणि हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, प्राणवायूचा सिलिंडर, नेब्युलायझर, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, शोषणयंत्र आणि मोजकी औषधे, एवढे सारे एका चांगल्या मोबाइल फोनच्या किमतीच्या आसपास येते. प्रतीक्षागृहातील टीव्ही याहून महाग असतो.

आपल्या संस्थेने काय करावे

अमेरिकेत १९८४ साली हवाईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. कॅल्व्हिन सिया यांच्या आग्रहातून मुलांच्या तातडीच्या सेवेसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१३ साली तिथल्या चार हजारांहून अधिक आपत्कालीन विभागांची मुलांसाठीची तयारी तपासली गेली. १०० पैकी गुणांचा मध्यक ६९ होता. त्यात एक गोष्ट ठळकपणे दिसली. ज्या ठिकाणी ‘मुलांच्या तयारीची जबाबदारी अमुक व्यक्तीची’ असे नाव ठरलेले होते, तिथे गुण लक्षणीयरीत्या अधिक होते. यंत्रापेक्षा नावाने अधिक काम केले. सर्वांची जबाबदारी ती कुणाचीच नव्हे, हा अनुभव आपल्याकडच्या सार्वजनिक गणेशोत्सवातही येतोच !

यावरून सुचलेल्या चार गोष्टी मी आपल्या संस्थेपुढे ठेवते.

एक, प्रत्येक सभासदाने आपल्या दवाखान्यात एका व्यक्तीचे नाव ठरवावे. ती परिचारिका असो वा कंपाउंडर, दर सोमवारी सकाळी तिने सिलिंडरचा दाब, पाना, मास्क, औषधांच्या मुदती आणि बॅटऱ्या पाहून वहीत सही करावी. माझ्याकडे तो पाना आता सिलिंडरलाच साखळीने बांधलेला आहे.

दोन, दर तीन महिन्यांनी दहा मिनिटांची तालीम व्हावी. एक बाहुली घ्यावी, घड्याळ लावावे आणि अवचित सांगावे : ‘या बाळाचा श्वास थांबला आहे.’ पहिल्या तालमीत फजिती होईल. ती बाहुलीपुढे झालेली बरी. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचे मूलभूत आणि प्रगत जीवनरक्षणाचे अभ्यासक्रम आहेत, नवजात बालकाच्या पहिल्या ‘सुवर्ण मिनिटा’चे प्रशिक्षणही आहे. पण प्रमाणपत्र भिंतीवर टांगल्यावर हातांना विसर पडू लागतो. काही महिन्यांतच कौशल्य ओसरते. म्हणून तालीम.

तीन, पाठवणीची शिस्त असावी. आधी फोन, मग प्राणवायू, मग मूल. सोबत एक पान : वजन, काय झाले, किती वाजता, काय दिले. आपल्यापैकी ज्यांच्याकडे मुलांचा अतिदक्षता विभाग आहे त्यांनी रात्री-अपरात्री असा फोन घेण्याचे, आणि ‘हे इतक्या उशिरा का पाठवले’ असे न खेकसण्याचे वचन द्यावे. धाकट्या सहकाऱ्याला एकदा अपमान सोसावा लागला की पुढच्या वेळी तो फोन करीत नाही, आणि त्याची किंमत मूल मोजते.

चार, आपल्या मासिक सभेत यशस्वी शस्त्रक्रियांबरोबर हुकलेल्या प्रसंगांचीही चर्चा व्हावी, नावे न घेता आणि दोष न देता. माझ्या पान्याची गोष्ट मी इतकी वर्षे कुणाला सांगितली नव्हती. ती सांगितली असती तर आणखी चार सिलिंडरांचे पाने जागेवर राहिले असते.

समाजबांधवांना विनंती

तातडीच्या सेवेची पहिली कडी घरातच असते, म्हणून काही शब्द पालकांसाठी आणि विशेषतः आजी-आजोबांसाठी.

आपला समाज आता काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजारापुरता राहिलेला नाही. कोंडापूर, गच्चीबावली, मियापूरच्या उंच इमारतींत नोकरदार दांपत्ये राहतात आणि नातवाला सांभाळण्यासाठी गावाहून आई-वडील येतात. दुपारी घरात आजी आणि नातू दोघेच. अशा वेळी काही घडले, तर तिला १०८ ठाऊक असते, पण घराचा पत्ता सांगता येत नाही. पत्ता, इमारतीचे नाव, जवळची खूण आणि मुलाचे वजन हे मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून फोनजवळ चिकटवा. हिंदीत कसे सांगायचे ते एकदा म्हणवून घ्या. शेजाऱ्याचा क्रमांक त्याखाली असू द्या. रुग्णवाहिका येईपर्यंत एकाने फाटकापाशी उभे राहावे आणि लिफ्ट खाली धरून ठेवावी. यात वाचलेली दोन मिनिटे कोणत्याही औषधाइतकी मोलाची असतात.

चार-पाच वर्षांखालील मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुपारी देऊ नका. सीताफळ आणि चिकूच्या बिया काढूनच फळ द्या. घास अडकून आवाज बंद झाला तर घशात आंधळेपणाने बोट घालू नका. वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब, असे आळीपाळीने करा. वर्षावरील मुलाला पाठीवर पाच थापा आणि मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच दाब द्या. हे वाचून येत नाही, हाताने शिकावे लागते.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. दातांत चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर तत्काळ रुग्णालय गाठा. आपल्या शहरातील घरोघरच्या पाण्याच्या ‘संप’वर कुलूपबंद झाकण असू द्या आणि रांगत्या मुलाच्या घरी भरलेली बादली ठेवू नका. बुडालेल्या मुलाचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे सुरू करा. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या मुलांपैकी किती गच्चीवरून कोसळतात हे कोणत्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे संकट टळले असे नव्हे. ताप उतरतानाच मूल मलूल झाले, हातपाय गार पडले, पोट दुखू लागले किंवा लघवी कमी झाली, तर तो दिलासा नसून इशारा आहे.

रस्त्यावरील जखमी मुलाला मदत करताना पोलिसांची धास्ती बाळगू नये. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

आपण दरवर्षी गणेशोत्सव थाटाने साजरा करतो. दहा दिवसांत गाणी, नाटके, स्पर्धा होतात आणि त्या व्हाव्यातच. त्यांपैकी एक संध्याकाळ आपल्या संस्थेला द्या, अशी विनंती मी शहरातील मराठी मंडळांना आणि शाळांना करते. आम्ही बाहुल्या घेऊन येऊ. शंभर आजी, आया, शाळेच्या बसमधील मदतनीस आणि महाविद्यालयीन मुले आपापल्या हातांनी एकदा छाती दाबून आणि श्वास देऊन पाहतील. त्यातील एकाला तरी ते कधी ना कधी उपयोगी पडेल.

त्या श्रावणातील मूल आज विशीत असेल. त्याला किंवा त्याच्या आई-वडिलांना त्या शोधाशोधीची कल्पनाही नाही. त्यांनी मला देव मानले. मी मात्र त्या रात्री विहीर खणत होते, आणि मूल तहानेने तडफडत होते. निदान आपल्या सभासदांच्या दवाखान्यांत अशी पाळी पुन्हा येऊ नये. येत्या सोमवारी सकाळी दवाखाना उघडल्यावर पहिला रुग्ण आत बोलावण्यापूर्वी आपण सर्वांनी एवढेच करावे : सिलिंडर उघडून पाहावा.